आयते स्ट्रायकर किती दिवस?

१९ नोव्हेंबर २०१६ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये इंडियन सुपर लीगच्या सामन्यात मुंबई सिटीने केरळ ब्लास्टर्सला ५-० असं धुतलं. त्यातले तीन गोल दिएगो फोर्लानचे होते, वयाच्या ३७ व्या वर्षी. २०१० च्या विश्वचषकात गोल्डन बॉल, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलेला उरुग्वेचा हा फॉरवर्ड कारकिर्दीच्या उतरणीला मुंबईत आला, ११ सामन्यांत ५ गोल करून गेला. त्याच हंगामात त्याच संघात सुनील छेत्री होता. त्याची आई आणि मावशी या जुळ्या बहिणी नेपाळच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या, तर वडील सैन्यातले आणि तिथल्या संघातले खेळाडू. म्हणजे मुंबईच्या संघात त्या वर्षी फुटबॉलच्या घरातून आलेले दोन अव्वल फॉरवर्ड होते आणि दोघांपैकी एकही मुंबईत घडलेला नव्हता.

बाहेरचा खेळाडू आणण्यात गैर काही नाही. जगातले सगळे क्लब तेच करतात. पण दीड कोटीच्या आसपास वस्ती असलेल्या आणि १८९१ पासून रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा खेळवलेल्या शहराला स्वतःचा एक सेंटर फॉरवर्ड उभा करता येत नाही, आणि त्याचं कुणाला फारसं वाटतही नाही, हे मात्र गैर आहे. फुटबॉलचं घर पोराला नेमकं काय देतं हे नीट पाहिलं, तर त्यातलं जवळजवळ सगळं शहराला देता येण्यासारखं आहे. मुंबई ते देत नाही आणि मग गोल विकत आणते, असं माझं म्हणणं आहे.

फोर्लानचं घर बघा. आईचे वडील हुआन कार्लोस कोरासो अर्जेंटिनात इंडिपेंदिएंतेकडून खेळले आणि पुढे उरुग्वेचे प्रशिक्षक झाले. वडील पाब्लो १९६६ आणि १९७४ चे विश्वचषक खेळले. दिएगोने २०११ मध्ये कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा चषक, जिंकली तेव्हा पॅराग्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यात तीनपैकी दोन गोल त्याचे होते, आणि या घरात तो चषक तिसऱ्या पिढीत आला. एवढं वाचलं की आपल्याकडे लगेच निकाल लागतो: रक्तातच आहे! हा निकाल फार सोयीचा. तो एकदा दिला की शाळा, क्लब, पालिका, असोसिएशन, कुणालाच काही करावं लागत नाही.

पण पाब्लो फोर्लान बचावफळीत खेळायचे. नॉर्वेच्या स्ट्रायकर अर्लिंग हालांडचे वडील आल्फी मिडफिल्ड आणि बचावात. फ्रान्सच्या फॉरवर्ड मार्कस थुरामचे वडील लिलियन १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचे पक्के डिफेंडर. गोल करण्याचं रक्त या घरांत आलं कुठून? मला तर उलटंच वाटतं. फॉरवर्ड होऊ पाहणाऱ्या पोराला डिफेंडर बापासारखा गुरू नाही. डिफेंडरला कशाची चीड येते हे त्याला अनुभवाने माहीत असतं. समोर उभा राहणारा स्ट्रायकर त्याला आवडतो, कारण बॉल आणि माणूस दोन्ही एकाच नजरेत राहतात. पाठीमागे खांद्याआड सरकणारा नको असतो. त्याच्याकडे बघायचं तर बॉल सुटतो, बॉलकडे बघायचं तर तो सुटतो. हे कळायला पोराला दहा वर्षं हौशी क्लबांत घासावं लागतं, नाहीतर घरी कुणीतरी जेवताना सांगावं लागतं.

घराकडून मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे ही नजर, आणि ती सहा ते बारा या वयात मिळते. फोर्लान दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने मारायचा, आणि तसा पाय चौदाव्या वर्षी शिकवायला घेतला तर बसत नाही. लहानपणी रोज दहा मिनिटं पुरतात. आठ-दहा मीटरवरून, पायाच्या आतल्या बाजूने, जोर न लावता, कमकुवत पायाने गोलच्या कोपऱ्यात बॉल सरकवायचा. जोर सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी याच्या बरोब्बर उलट चालतं: पोराला पहिल्या दिवसापासून लांबून सणसणीत शॉट मारायचा असतो आणि कोचही ‘मार जोरात’ म्हणून ओरडतो. मग टेकलेला पाय बॉलच्या मागे राहतो, अंग मागे झुकतं आणि बॉल बारवरून जातो. ही चूक पायाची नसून टेकलेल्या पायाच्या जागेची आहे, हे बघणारं कुणी शेजारी असेल तर पंधरवड्यात सुटते. नसेल तर जन्मभर राहते.

शेजारी बघणारं कुणी असणं इथेच गाडी अडते. मुंबईतल्या कोचिंगचं नेहमीचं चित्र असं: वीस मुलं, दोन-तीन बॉल, पेनल्टी एरियाच्या कडेला रांग, कोच बॉल सरकवतो, पोरगं मारतं, धावत रांगेच्या शेवटी जातं. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला फार तर पंधरा-वीस फटके, तेही डिफेंडर नसताना, एकाच जागेवरून, एकाच पायाने. याला फिनिशिंग म्हणतात! सामन्यात असा बॉल जवळजवळ कधीच मिळत नाही.

बारा मुलं, सहा बॉल आणि दोन गोल असतील तर त्याच तासात कितीतरी जास्त होतं. उदाहरण कट-बॅकचं, म्हणजे गोललाइनजवळून मागे दिलेल्या पासचं घ्या, कारण आजच्या फुटबॉलमध्ये त्यावर भरपूर गोल होतात. एक मुलगा गोललाइनपाशी बॉल घेऊन. फॉरवर्ड १६.५ मीटरच्या रेषेवर, त्याच्या आणि गोलच्या मध्ये डिफेंडर. फॉरवर्डने आधी दोन-तीन पावलं जवळच्या पोस्टकडे टाकायची, डिफेंडर ओढला गेला की थांबायचं आणि पेनल्टी स्पॉटच्या आसपास मोकळं व्हायचं. निघण्याची वेळ ठरते पास देणाऱ्याच्या मानेवरून: त्याने बॉलकडे बघायला मान खाली घातली की सुटायचं, आधी नाही. मुलं हमखास आधी सुटतात. बॉल यायच्या आत पुढे पोचतात, मग पाय मागे वळवून मारावं लागतं आणि फटका उडतो. यावर उपाय वेग वाढवणं नाही, अर्धा सेकंद उशीर करणं हा आहे. असा उशीर करणाऱ्या पोराला आपल्याकडे ‘आळशी’ म्हणून बाहेर बसवलेलं दिसतं.

घर देतं त्यातली दुसरी गोष्ट नजरेपेक्षा महाग आहे, आणि ती म्हणजे चुकण्याची मुभा. फोर्लान जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे आला आणि पहिला गोल व्हायला आठ महिने लागले. सप्टेंबरमध्ये मक्काबी हैफाविरुद्ध, तोही पेनल्टीवर. इंग्लंडमध्ये त्याची टिंगल झाली. २००४ मध्ये विकला गेला, स्पेनच्या व्हियारेआलला गेला आणि पहिल्याच हंगामात २५ लीग गोल करून युरोपचा सर्वाधिक गोलांचा गोल्डन शू थिएरी ऑन्रीच्या जोडीने घेऊन बसला. वर्षभरात पाय बदलत नाहीत. मँचेस्टरला व्हॅन निस्टलरॉयच्या मागे बहुतेकदा सब, म्हणजे बदली खेळाडू, म्हणून उतरायचा, स्पेनमध्ये सुरुवातीपासून खेळू लागला आणि मागून रिकेल्मेसारखा माणूस बॉल पुरवत होता. स्ट्रायकरला सामने लागतात, एवढं साधं आहे. अव्वल लीगमध्येसुद्धा ढोबळमानाने दहा फटक्यांत एक गोल होतो. सामन्याला दोन-तीन फटके मिळणाऱ्या फॉरवर्डचे चार सामने कोरडे जाणं हा निव्वळ हिशेब आहे. फुटबॉलच्या घरात हा हिशेब ठाऊक असतो, म्हणून तिथे चौथ्या सामन्यानंतर ‘आता अभ्यासाला लाग’ असं कुणी म्हणत नाही.

आता हाच हिशेब आपल्या ट्रायलला लावा. शंभर-दीडशे मुलं, छातीवर नंबर, अकरा विरुद्ध अकरा, वीस मिनिटं. एकमेकांना न ओळखणाऱ्या अकरा जणांत जो तो स्वतःला दाखवायला बघतो, पास कुणी देत नाही, आणि फॉरवर्डपर्यंत बॉल पाच-सहा वेळा आला तरी नशीब. निवडणारे मधल्या रेषेवर उभे राहून बॉलकडे बघत असतात, आणि फॉरवर्डचं खरं काम बॉल दुसरीकडे असतानाच चालू असतं. मग निवड कुणाची होते? जो उंच आहे, दांडगा आहे, लांब धावतो, त्याची. चौदा वर्षांखालच्या संघात हा मुलगा गोलांचा पाऊस पाडतो. बरेचदा तो इतरांपेक्षा वर्षभराने मोठा असतो, कधी निसर्गाने, कधी जन्मदाखल्याने. सतराव्या वर्षी बाकीचे अंगाने त्याला गाठतात आणि कळतं की वेगाशिवाय याला काही शिकवलेलंच नाही. तोवर बारीक, उशिरा वाढणारा, पण वेळ साधणारा पोरगा कधीच क्लास लावून बसलेला असतो.

इथे हालांडचं उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण ‘बापामुळे झाला’ म्हणून सगळ्यात जास्त बोट त्याच्याकडेच दाखवलं जातं. बाप व्यावसायिक खेळाडू आणि आई हेप्टाथलॉनपटू, हे खरंच. पण तो वाढला नॉर्वेतल्या ब्रिना या छोट्या गावात, गावच्या क्लबमध्ये, चाळीसेक मुलांच्या एका गटात. त्या गटातून कोवळ्या वयात कुणाला गाळलं नाही. बंदिस्त हॉल होता आणि तो शनिवार-रविवारी मुलांना खेळायला मोकळा असायचा. हालांड बराच काळ बारीक होता, उंची उशिरा आली. तोवर अंगाने भारी मुलांच्या मध्ये टिकायला त्याला जागा हेरणं आणि वेळ साधणं शिकावंच लागलं. पुढे अंगही आलं. २०१९ च्या २० वर्षांखालील विश्वचषकात होंडुरासविरुद्ध एका सामन्यात ९ गोल आणि २०२२-२३ मध्ये प्रीमियर लीगच्या एका हंगामात ३६ गोल हा पुढचा सगळ्यांना माहीत असलेला भाग. त्या गटातल्या बाकीच्या मुलांचे बाप काही प्रीमियर लीगमध्ये खेळलेले नव्हते, तरी त्यांतलेही काही व्यावसायिक झाले. ते हॉलचं आणि न गाळण्याचं श्रेय.

मुंबईत असं काही कधीच नव्हतं असं मात्र नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या फुटबॉलमधला. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भाऊ डेरेकही फुटबॉलपटू, म्हणजे पुन्हा फुटबॉलचं घर. पण त्या घराला आधार होता तो शहरातल्या कंपन्यांच्या संघांचा. टाटा, कॅलटेक्स, पुढे मफतलाल, ओर्के, एअर इंडिया, बँका, रेल्वे. कंपनीची नोकरी असली की चार सामने गोल झाला नाही म्हणून घरची चूल थांबत नसे. चुकण्याची मुभा पगाराच्या पाकिटातून मिळत होती. ती व्यवस्था आटली. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेलं महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झालं, मुंबई एफसी २०१७ मध्ये. रोव्हर्स तर शतकाच्या वळणावरच संपला. नेव्हिल डिसोझाच्या नावाचं मैदान वांद्र्याला आहे, तिथे आज शहराच्या लीगचे सामने होतात, हे त्यातल्या त्यात बरं.

कंपन्या गेल्या आणि त्यांच्या जागी टर्फ आले. गच्चीवर, पुलाखाली, मॉलच्या मागे, तासावर भाड्याने. पोरं खेळतात हे चांगलंच आहे, आणि टर्फला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. अरुंद जागेत बॉल पायाशी ठेवणं तिथे उत्तम शिकता येतं, चर्चच्या आवारातल्या रिंक फुटबॉलने ते आधीच सिद्ध केलंय. पण स्ट्रायकर तिथे घडणार नाही. ऑफसाइड (पास निघताना फॉरवर्ड शेवटच्या डिफेंडरच्या पुढे नको, हा नियम) नाही, त्यामुळे बचावफळीच्या रेषेवर थांबून योग्य क्षणी मागे सुटणं शिकता येत नाही. जाळी आणि भिंत जवळ, त्यामुळे क्रॉस नाही, हेडर नाही. गोल तीन मीटरच्या आसपास रुंद, तर खरा गोल ७.३२ मीटर. छोट्या गोलवर पोरगं सरळ आणि जोरात मारायला शिकतं, मोठ्या गोलवर गोलकीपरच्या पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात आडवं मारावं लागतं. मग सोळाव्या वर्षी तो १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर येतो आणि बॉल घ्यायला पायाशी-पायाशी येत राहतो, मागची तीस मीटर मोकळी जागा त्याला दिसतच नाही.

पावसाचंही तसंच. जून ते सप्टेंबर क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकलेल्या, मैदानं फुटबॉलला मोकळी, पण गुडघाभर चिखल. बॉल लोळत नाही, तेव्हा उचलून पुढे फेकायचा आणि दांडग्या पोराने मागे धावायचं, हाच डाव. त्यात स्टड्सचा घोळ. आपल्याकडे बुटांनाच ‘स्टड्स’ म्हणतात आणि एकच जोडी सगळीकडे चालवतात. मऊ, ओल्या मैदानासाठीचे लांब खिळे कृत्रिम गवतात रुततात, पाय अडकतो आणि अंग वळतं, गुडघा तिथेच जातो. टर्फचे बारीक खिळ्यांचे बूट चिखलात नेले तर टेकलेला पाय घसरतो आणि फटका मारतानाच पोरगं आडवं होतं. चेल्सीविरुद्ध चुकीच्या खिळ्यांनी घसरून संधी घालवल्यावर मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन आपल्यावर कसे भडकले, हे खुद्द फोर्लानने सांगितलंय. फुटबॉलच्या घरात दोन जोड्या असतात आणि आज कोणती घालायची हे सांगणारा माणूस असतो.

आता नेहमीचा वाद: परदेशी स्ट्रायकरांवर बंदी घाला. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत एकदाही सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट भारतीयाला मिळाला नाही, म्हणून हा मुद्दा सारखा निघतो. दुखणं खरं आहे. परदेशी खेळाडूंची मर्यादा मैदानावर सहावरून पाच आणि २०२१-२२ पासून चारवर आली, तरी क्लब त्या चारांतला एक मधल्या फॉरवर्डवरच खर्च करतात, आणि भारतीय फॉरवर्डला विंगवर सरकवतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा फॉरवर्ड होता, पुढे क्लब फुटबॉलमध्ये तो बहुतेक कडेनेच धावताना दिसला. खुद्द छेत्री बंगळुरूकडून परदेशी स्ट्रायकर मिकूच्या डावीकडे खेळला आणि तिथूनही गोल करत राहिला. पण छेत्रीचं अपवाद असणं हाच पुरावा आहे. २०२४-२५ मध्ये चाळिशीत १४ गोल करून तोच पुन्हा भारतीयांत पहिला आला आणि निवृत्तीतून त्याला राष्ट्रीय संघात परत बोलवावं लागलं.

तरीही बंदी मला पटत नाही. जागा रिकामी केली म्हणून ती भरणारा तयार होत नाही. बंदीने फार तर विंगवरचा मुलगा मध्ये येईल आणि ऑफसाइडच्या सापळ्यात सामना काढेल. क्लब तरी काय करणार? गुणतक्त्यावर नोकरी अवलंबून असलेला कोच एकोणीस वर्षांच्या मुलाला आठ महिने कोरडे काढू देईल का? देणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुभा खालच्या पातळीवर द्यावी लागते, जिथे हरण्याची किंमत कमी असते.

म्हणून मागणी करायची तर ती सामन्यांची. शालेय स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीच्या, त्यामुळे पहिल्या फेरीत हरलेल्या शाळेचा फॉरवर्ड वर्षाला एक सामना खेळतो. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला वर्षाला निदान तीस सामने हवेत, साखळी पद्धतीने, पूर्ण आकाराच्या मैदानावर, ऑफसाइड आणि लाइन्समनसकट. एका उपनगरातले आठ क्लब दुहेरी साखळी खेळले तरी चौदा सामने होतात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, रविवारी सकाळी. उरलेले शाळा आणि आंतर-विभागीय साखळीतून निघतात. पालिकेची जी मैदानं दत्तक किंवा भाडेपट्ट्याने दिलेली आहेत, त्यांच्या करारातच आठवड्यातले काही तास क्लब नसलेल्या मुलांसाठी फुकट राखून ठेवायची अट घालता येते. दहावी-बारावीच्या वर्षी मुलगा सुटू नये म्हणून मैदान घरापासून लोकलच्या दोन-तीन स्टेशनांत असणं हे कोचच्या लायसन्सपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण नालासोपाऱ्याचा मुलगा वांद्र्याला आठवड्यातून चार वेळा जाऊन क्लासला पोचूच शकत नाही.

पैशाचा प्रश्न विचारला जाईलच. फिफाच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडू रक्कम मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. वयाच्या १२ ते १५ या प्रत्येक वर्षाचा पाव टक्का, १६ ते २३ या प्रत्येक वर्षाचा अर्धा टक्का. आज हा पैसा मुंबईच्या छोट्या क्लबला लांबचा वाटेल, आणि आहेही. पण तो हक्क सांगायचा तर मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे नोंदलेला होता ते फेडरेशनच्या नोंदीत असावं लागतं. चौकातल्या क्लबांत ही नोंदणी मुलगा सोळा-सतराचा झाल्यावर, ट्रायलचं पत्र आल्यावर आठवते. ती बाराव्या वर्षी करायची, खऱ्या जन्मतारखेने करायची आणि दर हंगामाला नूतनीकरण करायचं. त्याला लागतो जन्मदाखला, आधार, फोटो, पालकांची सही आणि क्लबच्या सेक्रेटरीची एक संध्याकाळ.